गेम बंद करायची वेळ आणि घरातली भांडणं: माझा अनुभव

मुलगा सातवीत गेला आणि रोज संध्याकाळी घरात एकच वाद. मी म्हणायचे, "वेळ संपली, ठेव आता." तो म्हणायचा, "आई, मॅच चालू आहे, मध्येच सोडता येत नाही!" नवरा वैतागून वायफायच बंद करायचा. मग दार आपटणं, जेवायला न येणं, झोपेपर्यंत अबोला.

हे व्यसन आहे का, एवढंच मला विचारायचं होतं. म्हणून आम्ही एका समुपदेशक बाईंकडे गेलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे आणि ते २०२२ पासून लागू झालं आहे, हे त्यांनी सांगितलं. पण निदान काही तास मोजून होत नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही खेळ सुटत नाही आणि हे साधारण १२ महिने चालू असतं, तेव्हा ते नाव लावतात. बाईंनी झोप, अभ्यास, मित्र असं एकेक विचारलं. आमच्याकडे बिघडली होती ती झोप. मित्र तर गेममध्येच होते, हेडफोनवरून सगळ्यांच्या गप्पा चालायच्या.

नातेवाइकांचं वेगळंच: "मारामारीचे गेम, पोरगं हिंसक होणार." ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या मुलांचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे, त्यात हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध आढळला नाही. आमच्याकडचा राग तर खेळ अर्धवट तुटल्याचा होता, हे कोणालाही दिसलं असतं.

बाईंच्याच सांगण्यावरून मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याचे दोन्ही अंगठे सतत हलत होते, टाचा जमिनीवरून उचललेल्या, पापणी क्वचितच लवत होती. ऑनलाइन मॅचला खरंच पॉज नसतो. एक जण निघाला की टीम एकाने कमी पडते, आणि सोडून जाणाऱ्याला पुढची मॅच काही वेळ खेळू देत नाहीत. शिवाय रोज लॉग-इन केलं की बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली. गेमचा सीझन, म्हणजे ठरलेल्या मुदतीची फेरी, संपायच्या आत ठरावीक टप्पा गाठायचा, हे ओझं वेगळंच. मोठी माणसंसुद्धा अशा ठिकाणी अडकतात, पोरांचं काय घेऊन बसलात!

मग आम्ही नियम उलटा केला. बंद कधी करायचं हे सोडून शेवटची मॅच कधी सुरू करायची ते ठरवलं: आठच्या आत. सुरू झालेली मॅच कोणी तोडायची नाही, वायफायला हात लावायचा नाही. रात्री फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात, आमचे दोघांचेही. ही अट त्याने घातली, आणि नवऱ्याला ती सगळ्यात जड गेली.

पैशांच्या बाबतीत मात्र मी ऐकून घेतलं नाही. आत काय निघेल ते न कळता विकत घ्यायची पेटी, म्हणजे लूट बॉक्स, बेल्जियमने २०१८ मध्येच जुगाराच्या कायद्यात बसवली. खरेदीला पासवर्ड लावला आणि तो फक्त माझ्याकडे ठेवला.

नवा सीझन आला की कुरकुर होतेच. झोप मात्र बरीच सुधारली आहे. सुट्टीचे नियम अजून ठरायचेत. तो दिवसाला पाच मॅच मागतोय, मी तीनवर अडून आहे.