आपल्या पायानं गेली तर?

आज जतकडच्या एका गावात बचत गटाच्या बैठकीत मानवी तस्करीच्या कायद्यावर बोलायला गेले होते. चहावर साय धरली तरी कुणी काही विचारेना. शेवटी कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "बाई, पोरगी आपल्या पायानं गेली म्हणल्यावर कायदा काय करणार?"

भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ सांगितलं. शोषणासाठी फसवून, आमिष दाखवून नेलं तर तिच्या होकाराला अर्थ नाही. १८ च्या आतली असेल तर किमान १० वर्षं, जन्मठेपेपर्यंत.

आजींनी पदराची गाठ सोडली. आत चिठ्ठी. नववीतल्या नातीला पुण्यात 'घरकामाला' नेणाऱ्या बाईचा नंबर. बुधवारी न्यायला येणार! (मला घामच फुटला.) तिथूनच १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन, लावला. फोन लागेपर्यंत आजी चिठ्ठीची घडी घालत होत्या, परत उलगडत होत्या.