देवस्थानाची वेबसाइट, एक ३०१ आणि मास्तरांचा फोन

चवथीचे गणपती पोचवून झाले आणि दुसऱ्याच दिवशी मास्तरांचा फोन आला. मास्तर म्हणजे आमच्या देवस्थानाचे चिटणीस. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गावात त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. "मखरोत्सवाच्या आत अग्रशाळेच्या खोल्या वेबसाइटवरून द्यायच्या आहेत. तू कॉम्प्युटरचं करतोस ना रे?" मखरोत्सव म्हणजे आमचा नवरात्रातला उत्सव, आणि अग्रशाळा म्हणजे भाविकांच्या मुक्कामाची इमारत.

मी पणजीत एका ऑफिसात हिशेबाच्या सॉफ्टवेअरला सपोर्ट देतो. सर्व्हर हे माझं काम नव्हे. पण फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात मास्तरांना नाही म्हणायची पद्धत नाही.

देवस्थानाची जुनी साइट पीएचपीतली. सेवांची पानं 'सेवा डॉट पीएचपी', मग प्रश्नचिन्ह, मग 'आयडी बरोबर ७' अशा पत्त्यांची. हेच पत्ते कॅलेंडरवर छापलेले, पावत्यांच्या मागे छापलेले, आणि सभामंडपातल्या क्यूआर कोडमध्येही तेच. नवी साइट साध्या एचटीएमएल पानांची, आणि खोल्यांचं बुकिंग म्हणजे माझ्या मावसभावाने नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये, लिहिलेलं वेगळं अॅप, ३००० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या एका वेगळ्या दारावर, चालणारं. दोन्ही एकाच भाड्याच्या सर्व्हरवर, आणि मुख्य दारात एंजिनएक्स, येणारी प्रत्येक विनंती आधी घेणारा वेब सर्व्हर. इगोर सिसोएव्हने २००४ मध्ये हा सर्व्हर लोकांपुढे ठेवला तो एका वेळी दहा हजार जोडण्या पेलाव्यात म्हणून. आमच्याकडे एका वेळी दहा माणसं आली तर समिती पेढे वाटेल.

कामं दोन होती. जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पानावर पाठवायचं, म्हणजे रीडायरेक्ट. आणि बुकिंगची विनंती दारातून आतल्या अॅपकडे न्यायची, म्हणजे रिव्हर्स प्रॉक्सी. हे दुसरं मी मास्तरांना असं समजावलं: भाविक चौकापर्यंत येतो, गर्भकुडीत जात नाही. ताट भटजींच्या हातात देतो, भटजी आत नेतात, प्रसाद घेऊन बाहेर येतात. आत काय चाललंय ते भाविकाला दिसत नाही. "आणि भाविक कोण ते आत कसं कळतं?" मास्तरांनी विचारलं. मी हसून सोडून दिलं. तिथेच थांबून विचार केला असता तर पुढचे चार दिवस वाचले असते.

पहिल्या रात्री रीडायरेक्ट घेतले. साध्या एचटीटीपीवर येणाऱ्या सगळ्यांना सुरक्षित एचटीटीपीएसवर, आणि 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावून येणाऱ्यांना त्याशिवायच्या पत्त्यावर. एंजिनएक्समध्ये ही एका ओळीची गोष्ट: रिटर्न, ३०१, नवा पत्ता. मी ती ओळ लिहिली, एंजिनएक्स रीलोड केला, साइट उघडली, हिरवं कुलूप दिसलं, झोपलो.

सकाळी मास्तर: "कितें जालें रे? कॅलेंडरवरचं काहीही दाबलं तरी मुखपृष्ठच येतंय."

चूक अशी की नव्या पत्त्याच्या शेवटी डॉलर रिक्वेस्ट-यूआरआय हा शब्द मी लिहिलाच नव्हता. माणूस जे पान मागत आला तो भाग त्या शब्दातून पुढे जातो. तो नसेल तर सगळे दारात येऊन उभे. ओळ दुरुस्त करायला अर्धा मिनिट लागला. माझ्या लॅपटॉपवर दुरुस्तही झालं. मास्तरांच्या फोनवर मात्र मुखपृष्ठच. कारण ३०१ म्हणजे 'कायमचं हललं', आणि ब्राउझर ते शब्दशः घेतो. उत्तर कॅशेत, म्हणजे स्वतःच्या साठवणीत, ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला विचारतही नाही. मी माझ्याकडे कितीही दुरुस्ती केली तरी त्या फोनला ती कळायला मार्ग नाही. ३०२ म्हणजे 'तात्पुरतं'. सगळं नीट चालतंय याची खात्री होईपर्यंत ३०२ लिहायचा आणि मग तो ३०१ करायचा, हे तेव्हापासून मी स्वतःला घालून दिलेलं आहे. तपासायलाही ब्राउझर वापरत नाही, कर्ल ही कमांड वापरतो. त्याला 'कॅपिटल आय'चा पर्याय दिला की फक्त हेडर, म्हणजे उत्तराबरोबर येणाऱ्या माहितीच्या ओळी, दाखवतो, आणि त्याला मागचं काही आठवत नसतं.

मग त्या 'आयडी'वाल्या पत्त्यांनी पूर्ण संध्याकाळ खाल्ली. मी प्रत्येक जुन्या पत्त्यासाठी वेगळा लोकेशन ब्लॉक, म्हणजे त्या पत्त्यापुरता नियम, लिहिला, प्रश्नचिन्हासकट. एकही लागू होईना. सेटिंगमध्ये एररही नाही, नुसतंच ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. शेवटी कळलं की लोकेशन फक्त प्रश्नचिन्हाआधीचा भाग बघतं. त्यापुढचं त्याच्या हिशेबातच नाही. त्यासाठी 'मॅप' आहे: आयडी ७ असेल तर अभिषेकाचं पान, ८ असेल तर कुंकुमार्चनाचं, काहीच जुळलं नाही तर सेवांची यादी. हा मॅप सर्व्हर ब्लॉकच्या, म्हणजे एका साइटच्या सगळ्या नियमांच्या, आत चालत नाही, त्याच्या बाहेर, एचटीटीपी ब्लॉकमध्ये लिहावा लागतो. मी अर्थातच आत लिहिला होता. पण तोवर रीलोड करण्याआधी 'एंजिनएक्स डॅश टी' चालवून सेटिंग तपासायची सवय लागली होती, त्यामुळे चालू साइट पडली नाही.

आता प्रॉक्सी. इथे एका तिरक्या रेघेवर माझा आणि मावसभावाचा जवळजवळ वाद झाला. बुकिंगचा पत्ता 'खोल्या' या पाथवर ठेवला होता. विनंती आत कुठे न्यायची ते सांगणारी ओळ म्हणजे प्रॉक्सी-पास. तिच्यातल्या पत्त्यात पोर्टनंतर रेघ दिली, तर 'खोल्या' हा भाग कापला जाऊन उरलेलं अॅपकडे जातं. रेघ दिली नाही तर सगळा पाथ जसाच्या तसा जातो. मी रेघ दिली होती. पहिलं पान उघडलं, पण रंगरूप काही नाही, कारण अॅप रंगरूपाच्या आपल्या सीएसएस फाइल 'खोल्या' वगळून थेट साइटच्या मुळाशी मागत होतं आणि तिथे त्या नव्हत्या. भाऊ म्हणाला, "तुझी रेघ काढ." मी म्हटलं, "तुझं अॅप सुधार." शेवटी दोन्ही केलं: मी रेघ काढली आणि त्याने अॅपला 'तू खोल्या या पाथखाली राहतोस' असं सांगितलं.

आणि मग तो प्रसिद्ध प्रकार सुरू झाला. पान उघडायला गेलं की ब्राउझर म्हणतो, फार वेळा रीडायरेक्ट झालं. क्रोम वीस वेळा फिरून मग हात टेकतो. मी माझे ३०१ पुन्हा पुन्हा वाचले, त्यांत काही चूक नव्हती. फेऱ्या मारायला लावत होतं ते आतलं अॅप. बाहेर भाविक एचटीटीपीएसवरून आला, पण एंजिनएक्स आत अॅपशी साध्या एचटीटीपीने बोलतो. अॅपला वाटलं हा असुरक्षित आला, म्हणून त्याने त्याला एचटीटीपीएसवर जायला सांगितलं. तो गेला, पुन्हा दारातून आत आला, पुन्हा साधाच दिसला.

मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. भटजी नाव-गोत्र सांगितल्याशिवाय ताट आत नेत होते. एंजिनएक्सला सांगावं लागतं की पुढे जाताना बरोबर तीन हेडर ने: मूळ होस्ट म्हणजे साइटचं नाव, मूळ प्रोटोकॉल म्हणजे एचटीटीपी की एचटीटीपीएस, आणि आलेल्याचा खरा आयपी पत्ता. आणि अॅपलाही सांगावं लागतं की या दारवानावर विश्वास ठेव. अॅप ज्या चौकटीवर उभं आहे त्या एक्सप्रेसमध्ये भावाने ते सेटिंग चालू केलं, पण फक्त त्याच मशीनवरून येणाऱ्यासाठी. ३००० नंबरचं पोर्ट तोवर साऱ्या जगाला उघडं होतं, तेही १२७.०.०.१ पुरतं, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच पत्त्यापुरतं, बांधून घेतलं. नाहीतर कुणीही बाजूच्या दाराने येऊन स्वतःचं नाव-गोत्र काहीही सांगेल.

बाकीच्या दोन तक्रारीही यातूनच निघालेल्या होत्या. मुंबईच्या एका महाजनांना, म्हणजे देवस्थानाच्या सभासदांना, चाचणीचं मेल गेलं, त्यात 'खोली पक्की करा'ची लिंक १२७.०.०.१ ची. म्हणजे ज्याच्या हातात फोन, त्याचाच फोन. मूळ होस्ट पुढे पाठवला नाही तर एंजिनएक्स प्रॉक्सी-पासमधला पत्ताच होस्ट म्हणून देतो आणि अॅप तोच मेलमध्ये छापतं. दुसरं असं की एका मावशींनी ओटीपी पाच वेळा चुकवला, तर सगळ्यांचंच बुकिंग बंद पडलं, कारण अॅपच्या नजरेत सगळे भाविक एकाच आयपीवरून येत होते.

तीन हेडर वर सर्व्हर ब्लॉकमध्ये लिहिले, सगळं सुरळीत. दोन दिवसांनी फेऱ्या पुन्हा सुरू. या वेळी खरंच घाम फुटला, कारण मी त्या ओळींना हातही लावला नव्हता. लावला होता तो खाली. रिकाम्या खोल्या पानावर आपोआप बदलत राहाव्यात म्हणून भावाने वेबसॉकेट, म्हणजे सतत उघडी राहणारी जोडणी, घातलं होतं, आणि त्यासाठी लागणारे दोन हेडर मी 'खोल्या'च्या लोकेशन ब्लॉकमध्ये लिहिले. एंजिनएक्सचा नियम असा की खालच्या ब्लॉकमध्ये असा एक जरी हेडर लिहिला तरी वरचे सगळे गळतात. एक शब्द बोलत नाही, 'डॅश टी'ही खुशाल पास. पाचही हेडर एका वेगळ्या फाइलमध्ये घालून जिथे लागतील तिथे ती इन्क्लूड केली. मला विचाराल तर एंजिनएक्सचा हा सर्वांत आडमुठा नियम आहे.

आधारचा फोटो चढत नव्हता, ते मात्र पाच मिनिटांत सुटलं. विनंतीच्या आकाराची मर्यादा मुळात १ एमबी असते, ती वाढवली.

मखरोत्सवाच्या आदल्या दिवशी देवळात गेलो. मास्तरांनी सभामंडपातला क्यूआर स्वतःच्या फोनने दाखवला, आणि मुखपृष्ठ उघडलं. त्या रात्रीचं ३०१ अजून त्या फोनच्या पोटात होतं. मी कॅशे पुसून दिली. पण त्या रात्री झोपेत असताना आणखी कुणाकुणाच्या फोनने ते लक्षात ठेवलं असेल? ती माणसं जुनी लिंक दाबून थेट मुखपृष्ठावर येणार, आणि का, ते माझ्या लॉगमध्ये दिसणारही नाही. मग मुखपृष्ठावरच, अगदी वर, एक ओळ टाकली: 'सेवेची माहीती हवी असल्यास येथे दाबा.'

मास्तरांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "माहितीतला हि ऱ्हस्व."