टॉमकॅटवर सीजीआय आणि तो ४०४

अजून डोकं तापलेलंय म्हणून लगेच लिहून ठेवतोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, तिथलं कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. बीमचा (लूमवर चढवायच्या सुताच्या रुळांचा) रोजचा हिशोब एका जुन्या पर्ल स्क्रिप्टवर, म्हणजे पर्ल भाषेतल्या छोट्या प्रोग्रामवर चालतो, लिहिणारा पोरगा कधीच पुण्याला गेला, आणि नवीन मशीनवर नुसता टॉमकॅट ९, म्हणजे जावातली वेब अ‍ॅप चालवणारा सर्व्हर. मालक म्हणाले, "नवीन काय नको, तेवढं जुनं चालू करून द्या की."

तासाभराचं काम वाटलं. टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरमधल्या वेब.एक्सएमएल फाइलमध्ये सीजीआय सर्व्हलेट (ब्राउझरमधून अशी बाहेरची स्क्रिप्ट चालवून देणारा भाग) आधीपासून असतो, फक्त कॉमेंटमध्ये, म्हणजे बंद. तो उघडला, बराच खाली त्याचं मॅपिंग (कुठल्या पत्त्यावर तो चालायचा ते) असतं तेही उघडलं (हे विसरतात लोक), स्क्रिप्ट अ‍ॅपच्या वेब-इन्फ फोल्डरच्या आतल्या सीजीआय फोल्डरमध्ये टाकली, रिस्टार्ट. ४०४, म्हणजे पान सापडलं नाही.

आता ४०४ म्हटल्यावर माणूस पाथच बघणार ना? फोल्डरचं नाव बदललं, स्लॅश लावला, काढला, परमिशन ७५५ केली (म्हणजे फाइल चालवायची मुभा), फाइल टॉमकॅट युजरच्या नावावर केली, ब्राउझरसुद्धा बदलून बघितला. टॉमकॅटचा मुख्य लॉग कॅटालिना.आउट वरपासून खालपर्यंत वाचलं, चकार शब्द नाही. वर पत्रा, पलीकडं लूमचा खडखडाट, एप्रिल महिना, आणि मालक दर अर्ध्या तासानं दारात, "झालं का हो?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा पिता पिता त्याच लॉग फोल्डरमधली लोकलहोस्ट नावाची तारीखवाली फाइल उघडली, तर तिथं स्वच्छ लिहिलेलं, हा सर्व्हलेट प्रिव्हिलेज्ड (खास परवानगी लागणारा) आहे, या अ‍ॅपमध्ये लोड करता येत नाही. म्हणजे गाडी स्क्रिप्टपर्यंत पोचतच नव्हती! सर्व्हलेटच उठत नाही आणि बाहेर सांगतो काय, तर सापडलं नाही. दीड दिवस मी पाथ शोधतोय लेका!

इलाज एवढाच, अ‍ॅपच्या मेटा-इन्फमधल्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये कॉन्टेक्स्ट टॅगला प्रिव्हिलेज्ड ट्रू करायचं. कॉन्फमधल्या सामाईक फाइलमध्ये केलं तरी चालतं पण मग सगळ्याच अ‍ॅपना मोकळं रान, तसलं करू नका.

पर्ल लगेच चालली. दुसरी एक शेल स्क्रिप्ट होती ती अडली, कारण काही सांगितलं नाही तर टॉमकॅट सगळं पर्ललाच देतो. सीजीआय सर्व्हलेटचा एक्झिक्युटेबल पॅरामीटर रिकामा ठेवला की स्क्रिप्ट आपल्या पहिल्या ओळीवरून चालते (कुठल्या प्रोग्रामनं चालवायचं ते तिथं लिहिलेलं असतं), ते ७५५ तेव्हा कामाला आलं. फाइल विंडोजच्या नोटपॅडमधून आलेली असेल तर त्या पहिल्या ओळीच्या शेवटी न दिसणारं अक्षर चिकटलेलं असतं, ते आधी काढा.

मालकांनी स्क्रीन बघितली. "आधीसारखंच आहे की. मग दोन दिवस काय करत होता?"

हां, एक राहिलंच. टॉमकॅट विंडोजवर असेल तर सीजीआयचा कमांड लाइन आर्ग्युमेंटचा पर्याय (वेब पत्त्यातला मजकूर स्क्रिप्टच्या कमांडला जोडून देणारा) चालू करू नका, २०१९ मध्ये त्यातूनच बाहेरून कमांड चालवता येण्याचं भोक सापडलं होतं. ९ मध्ये तो आधीच बंद असतो, राहू द्या तसाच.