पडणे सोपे, थांबणे अवघड

धूमकेतूवर उतरलेल्या यानाविषयी बोलताना एक प्रश्न मला हमखास विचारला जातो, आणि विचारणारा बहुधा मनातल्या मनात हिशेब करूनच आलेला असतो: तिथे गुरुत्वाकर्षण जवळपास नाहीच, तर उतरणे सोपे असायला हवे ना? तुम्हीही तेच विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हिशेब चुकीचा नाही. युरोपीय अंतराळ संस्थेच्या रोझेटा यानाने वाहून नेलेला फिली हा लँडर पृथ्वीवर सुमारे १०० किलो भरत असे. ६७पी/चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को या जेमतेम चार किलोमीटरच्या धूमकेतूवर त्याचे वजन एखाद्या ग्रॅमच्या आसपास होते. इतक्या क्षीण ओढीत आदळून चक्काचूर होण्याची भीती नसते. चंद्रावर किंवा मंगळावर उतरताना सारा खटाटोप वेग कमी करण्याचा असतो. इथे काळजी होती ती पाय टेकल्यानंतर यान तिथे राहील का, याची. खरे तर ‘उतरणे’ हा शब्दच इथे थोडा फसवा आहे. नांगर टाकणे म्हटले तर ते वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाईल.

१२ नोव्हेंबर २०१४ रोजी रोझेटाने फिलीला सुमारे २२ किलोमीटरांवरून सोडले आणि तिथून सात तास तो नुसता पडत राहिला. वाटेत दिशा बदलण्याची सोय त्याच्याकडे नव्हती आणि पृथ्वीवरून संदेश पोहोचायला अठ्ठावीस मिनिटे लागत असल्यामुळे मदतही शक्य नव्हती. म्हणजे सारा नेम सोडण्याच्या क्षणीच धरायचा. त्या वेळी वेगात सेकंदाला एका सेंटिमीटरची चूक झाली असती, तर सात तासांत ती सुमारे अडीचशे मीटरांची झाली असती. प्रत्यक्षात फिली ठरलेल्या बिंदूपासून सुमारे १२० मीटरांवर टेकला. या नेमबाजीचे कौतुक व्हायला हवे तितके झालेले नाही, असे मला नेहमी वाटते.

घोटाळा पुढे झाला. टेकताक्षणी यानाला खाली दाबून धरणारी वायूची झोत-यंत्रणा सोडण्याआधीच नादुरुस्त असल्याचे कळले होते, तरीही मोहीम पुढे नेण्याचा निर्णय झाला. जमिनीत घुसून यानाला बांधून ठेवणारे दोन हार्पून सुटलेच नाहीत, आणि पायांतले स्क्रूही पकड घेऊ शकले नाहीत. सेकंदाला सुमारे एक मीटर, म्हणजे माणसाच्या चालीने आलेला फिली सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने परत वर उसळला. पायांच्या सांगाड्यातील धक्का शोषणाऱ्या यंत्रणेने बाकीचा वेग गिळला म्हणून बरे. उसळी थोडी आणखी जोरात असती, तर तो धूमकेतूला कायमचा मुकला असता. गंमत अशी की जमिनीला स्पर्श झाल्याचा संदेश जर्मनीतल्या डार्मस्टाट येथील नियंत्रण कक्षात पोहोचून टाळ्या वाजल्या, तेव्हा यान पुन्हा अधांतरी होते. ही एक उसळी जवळजवळ दोन तास चालली. त्यानंतर आणखी एक छोटी उसळी घेऊन ते एका कड्याच्या सावलीत जाऊन पडले.

सावलीत पडल्याची किंमत मोठी होती. धूमकेतूच्या साडेबारा तासांच्या फेरीत सौर पॅनेलना जेमतेम दीड तास ऊन मिळू लागले. मूळ बॅटरीवर सुमारे साठ तास काम करून, धूमकेतूवरच्या सेंद्रिय रेणूंची नोंद आणि पृष्ठभागाची छायाचित्रे पाठवून फिली झोपी गेला. २०१५ च्या जून-जुलैत त्याने तुटक संपर्क साधला, मग तोही थांबला. तो नेमका कुठे आहे हे २ सप्टेंबर २०१६ रोजी, रोझेटाने २.७ किलोमीटरांवरून टिपलेल्या छायाचित्रात दिसले: एका अंधाऱ्या कपारीत कलंडलेला, तीनपैकी दोन पाय ओळखू येणारा, आणि कशालाही न बांधता तिथे टिकून राहिलेला.