तुम्ही विचारलंत म्हणून: चोक सोडला की बंद पडणारी गाडी

"गाडी स्टार्ट होतंय, पण चोक सोडलं की बंद पडतंय. रेसच घेईना." गणपतीत आणि दिवाळीत हा प्रश्न ठरलेला. मुलगा पुण्याला नाहीतर गोव्याला कामाला, काहींचा पलटणीत. मोटरसायकल मिरगापासून सोप्यात पोतं टाकून उभी. मग कुणीतरी नवा कार्बोरेटर टाकायला सांगतो, कुणी थेट इंजिन खोलायला निघतो. बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते.

बिघाड कुठे आहे ते लक्षणातच आहे. चोक ओढला की हवा कमी होते आणि मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. तेवढ्यावर गाडी चालते, म्हणजे एरवी पेट्रोल कमी पडतंय. रेस न देता गाडी जिच्यावर धडधडत राहते ती कार्बोरेटरमधली पितळी तोटी म्हणजे पायलट जेट, मेस्त्री लोकांची 'स्लो जेट'. तिचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं पेट्रोल काही आठवड्यांत उडून जातं, मागे डिंकासारखा चिकट थर राहतो आणि पहिली बुजते ती हीच जेट.

तरीही हात आधी टाकीला लावा. टाकीत घाण असेल, तर साफ केलेली जेट दोन दिवसांत पुन्हा बुजणार. हे काम अंगणात, इंजिन गार असताना करा. आसपास विडी, चूल काही नको. कॉकची (टाकीखालच्या पेट्रोलच्या नळाची) नळी काढून पाऊण लिटर पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं हलवू नका. चांगलं पेट्रोल स्वच्छ दिसतं. वॉर्निशसारखा आंबूस वास, गडद रंग किंवा तळाशी वेगळा थर दिसला तर सगळं काढून टाका. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं (आपल्याच ऊसपट्ट्यातली चीज), आणि ते हवेतलं पाणी ओढतं. खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात ओल काही कमी नसते. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉलला घेऊन खाली बसतं, आणि कॉक नेमका खालूनच पेट्रोल घेतो. वरून दोन लिटर ताजं ओतून भागत नाही ते यामुळेच. बाटलीत तांबूस गाळ आला तर टाकी गंजली आहे. कॉकची जाळीही काढून धुवा.

आता कार्बोरेटर. वाटीचे स्क्रू मऊ असतात. नेमका बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या, नाहीतर खाचा जातात. पायलट जेट काढून उजेडाकडे धरा. गोल उजेड स्पष्ट दिसला पाहिजे. अंधूक दिसला तरी ती बुजलेलीच समजा. कार्बोरेटर क्लीनर मारून अर्धा तास ठेवा आणि पंक्चरवाल्याकडच्या हवेने फुंका. फारच अडलं तर वायरमधला तांब्याचा एकच बारीक धागा चालेल. टाचणी किंवा पोलादी तार घातली की भोक मोठं होतं; मग गाडी चालते, पण काळा धूर सोडत आणि पेट्रोल पीत. जेट जिथे बसते त्या वाटेतही क्लीनर मारा. बरेच जण जेट चकचकीत करतात आणि ही वाट तशीच ठेवतात. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा, किती फेरे झाले ते लिहून ठेवा आणि बसवताना तेवढेच उघडा. जोर लावला तर टोक मोडतं. जोडल्यावर वाटीच्या नळीतून पेट्रोल गळत असेल, तर फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या तुकड्याची) सुई चिकटली आहे किंवा तिच्याखाली कचरा आहे.

प्लग काळा असेल तर बदला, स्वस्त वस्तू आहे. एअर फिल्टरचं घरटं जरूर उघडून बघा: उंदीर तिथे भाताचं पिंजर भरतात, आणि कुंभारीण माशी सायलेन्सरच्या तोंडात चिखल. कागदी फिल्टर ओला झाला असेल तर वाळवत बसू नका, नवा घाला.

२०२० नंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या, गाडीला यातलं कार्बोरेटरचं काही लागू नाही. तिथे आधी बॅटरी मोजा. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२ च्या खाली असेल तर चार्ज करा. चावी फिरवल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंद 'झूं' आवाज आला पाहिजे.

घरातली मोठी माणसं दर रविवारी किक मारून दोन मिनिटं गाडी चालू ठेवतात, त्याचा उपयोग नाही. इंजिन पुरतं तापत नाही, आणि जळताना तयार झालेली वाफ सायलेन्सरमध्ये व ऑइलमध्ये पाणी होऊन राहते. त्यापेक्षा गाडी उभी करून जाताना कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा आणि ड्रेन स्क्रू सोडून वाटी रिकामी करा.

सगळं झाल्यावर जांबोटीच्या रस्त्याला दहा किलोमीटर फिरवून आणा. पाच-सात किलोमीटर झकास जाऊन मग गुदमरली, तर थांबून टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' आवाज झाला आणि गाडी लगेच चालू झाली, तर कार्बोरेटर पुन्हा खोलू नका. झाकणातलं हवेचं भोक मातीने बुजलंय, तेवढं मोकळं करा.