फोटो ज्याचा त्याच्या हातात

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत होतो. परीक्षा जवळ आली तसतशी वर्गातली बाकं रिकामी होऊ लागली. पगार थांबले, बायकामुलांना गावी धाडलं, हीच गोष्ट लालबाग-परळच्या चाळीचाळींत चालली होती. माझ्या बाकावरचा मित्रही कणकवलीकडे निघाला. तो जायच्या आधीच्या शनिवारी विज्ञानाच्या सरांनी अख्ख्या वर्गाला पटांगणात उभं केलं आणि स्वतःच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याने फोटो काढला.

दर वर्षीचा वर्गाचा फोटो पैसे भरून घ्यावा लागे, आणि आमच्यातल्या कित्येकांच्या घरी तो कधी आलाच नव्हता. हे सरांना ठाऊक असणार. सोमवारी त्यांनी प्रयोगशाळेच्या खिडक्यांवर काळं कापड टाकलं, लाल दिवा लावला आणि आम्हा दोघांना आत घेतलं.

त्या कॅमेऱ्यात १२० नंबरचा फिल्मचा रोल बसे, त्यावर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो. निगेटिव्ह एवढी मोठी, की फोटो मोठा करून छापणारा एनलार्जर नसला तरी अडत नाही. कागदावर निगेटिव्ह, तिच्यावर काच, क्षणभर पांढरा दिवा, की कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये. कोऱ्या कागदावर आधी आमचे काळे केस उमटले, मग मागच्या दारातला अंधार आणि अगदी शेवटी चेहरे. फोटो पक्का करणाऱ्या हायपोतून कागद बाहेर काढताना, ‘‘हायपो नीट धुवा रे, नाहीतर दहा वर्षांत पिवळे पडाल,’’ सर म्हणाले. दोरीवर वाळलेली पहिली प्रत त्यांनी मित्राच्या हातात दिली. त्याने ती भूगोलाच्या पुस्तकात ठेवली.

पुढे बँकेत लागलो, बोरा बाजारातून जुना कॅमेरा घेतला, आणि गेली तीस वर्षं रविवारची पहाट फोटोंसाठी राखून ठेवली आहे. माझी ठरलेली जागा दादरचा फुलबाजार. तिथे बल्बच्या उजेडात झेंडूचे ढीग जे पेटतात, ते दिवसा दिसत नाहीत. डिजिटल कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर ठेवला तर तो हा पिवळेपणा बराचसा काढून टाकतो, म्हणून मी डेलाइटवरच ठेवतो. उजेड कमी, म्हणून आयएसओ १६००, अ‍ॅपर्चर दोन, आणि भिंग फक्त पन्नास मिलिमीटरचं. लांबून टिपणारी भिंगं मला मानवत नाहीत. पन्नासने चेहरा घ्यायचा तर माणसाच्या पुढ्यात जावंच लागतं, बोलावं लागतं, विचारावं लागतं. फुटपाथवर झोपलेल्या माणसाचा फोटो मी काढत नाही, त्याला विचारता येत नाही म्हणून. मुंबईत असे फोटो पुष्कळ निघतात, त्यांना बक्षिसंही मिळतात. मला ते बघवत नाहीत.

काढलेल्या फोटोची प्रत पुढच्या रविवारी पाकिटात घालून पोहोचवतो. एका वेणीवाल्या मावशींनी पाकीट उघडलं, हात पदराला पुसले आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘सासूबाई चाळीस वर्षं याच जागेवर बसल्या. त्यांचा असा एक असता तर!’’ तेव्हापासून मी प्रत द्यायला कधी पंधरा दिवस लावले नाहीत.

दहावीच्या निरोप समारंभाला सरांनी ती आठवीची निगेटिव्ह बटर पेपरमध्ये गुंडाळून मला दिली. ती आजही स्वच्छ आहे. शाळेच्या महोत्सवासाठी तिच्यावरून आठ बाय दहा इंचाच्या प्रती काढून घेतल्या आहेत, आठवी ‘ब’च्या प्रत्येकासाठी एक. मी प्रयोगशाळेच्या दाराशी बसेन, आपापली घेऊन जा. मित्राचं पाकीट वेगळं ठेवलं आहे. कणकवलीजवळचं त्याचं गाव कुणाला ठाऊक असेल तर तिथेच मला सांगा.