तुम्ही विचारलंत म्हणून: काळ्या पडद्यावर मी काय टाइप करतो?

मालवणात माझं छोटं दुकान आहे. पत्रिका, बॅनर, फोटो, पर्यटकांचे स्कूबाचे व्हिडिओ, जे येईल ते. समोरच्या खुर्चीवर बसलेलं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "काय रे, ह्या काळ्या पडद्यार काय टायप करतस? माउस बिघडलो काय?" माउस धडधाकट आहे. पण काम हातात असताना उत्तर अर्धवटच दिलं जातं, म्हणून इथे जरा सविस्तर.

आपल्या फायलीचं नाव कुणालाच आठवत नाही, आठवतो तो काळ. चतुर्थीच्या आधीचा बॅनर, शिमग्यातली पत्रिका, बंदीत काढलेले होडीचे फोटो (बंदी म्हणजे 1 जून ते 31 जुलै, मासेमारी बंद). माझ्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स आहे, आणि काळा पडदा म्हणजे त्याला लिहून आज्ञा द्यायची जागा. त्यात यादी दाखवणारी आज्ञा एलएस, 1971 च्या पहिल्या युनिक्सपासून (लिनक्सचा पूर्वज) चालत आलेली. नुसती दिली तर ती नावाप्रमाणे यादी लावते, म्हणजे माझ्या उपयोगाची नाही. पुढे डॅश देऊन एलटी लिहिलं की शेवटी बदललेली फाइल सगळ्यात वर येते. मी त्याला आर जोडतो, एलटीआर. यादी उलटी होते, ताजी फाइल तळाला, कर्सरच्या अगदी वर. हजारभर फायली सरकून गेल्या तरी हवी ती डोळ्यासमोर थांबते. विंडोजवाल्यांनी डीआयआर लिहून तिरकी रेघ आणि ओडी द्यावं. तिथे जुनं आधी, नवं शेवटी हा क्रम आपोआपच येतो.

डिस्क भरली की एलटीतल्या टीच्या जागी कॅपिटल एस: सगळ्यात जड फाइल वर. मात्र फोल्डरच्या पोटात किती आहे ते यात धरत नाहीत. ड्रोनच्या व्हिडिओंनी भरलेला फोल्डर बिचारा चार केबीचा दिसतो. खरं वजन काढायला डीयू ही वेगळी आज्ञा.

एवढं तर माउसनेही होतं, कॉलमच्या मथळ्यावर टिचकी मारली की झालं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. खरी गंमत स्कूबाच्या व्हिडिओंत आहे. गोप्रो कॅमेरा लांब चित्रणाचे तुकडे करतो आणि नावात जीएक्सनंतर आधी तुकड्याचा क्रमांक घालतो, मग चित्रणाचा. म्हणजे जीएक्स 01 0123 चा पुढचा भाग जीएक्स 02 0123. नावाप्रमाणे लावलं की सगळ्या पर्यटकांचे पहिले तुकडे एका गठ्ठ्यात, दुसरे तुकडे पार खाली. पुण्याच्या काकांची अर्धी बुडी इथे, अर्धी तिथे. नावाच्या मथळ्यावर कितीही टिचक्या मारा, हे सुटत नाही. काळ्या पडद्यावर एलएसनंतर उभी रेघ देऊन पुढे सॉर्ट (क्रम लावणारी आज्ञा), डॅश, के 1.5 एवढंच लिहायचं. याचा अर्थ, नावातली पहिली चार अक्षरं सोड आणि पाचव्यापासून तुलना कर. एका चित्रणाचे तुकडे ओळीने एकाखाली एक. ही उभी रेघ मला सगळ्यात आवडते. एका आज्ञेचं उत्तर दुसरीच्या हातात देते, बाकी काही नाही.

आकड्यांचीही एक खोड आहे. फोटो 10 हा फोटो 2 च्या आधी येतो, कारण तुलना एकेका अक्षराची चालते. एलएसला डॅश व्ही दिलं की आकडा आकड्यासारखा वाचला जातो. मराठी नावांची तऱ्हा और. भाषेची सेटिंग सी अशी असेल तर युनिकोडचा (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकाचा) क्रम लागतो, आणि तिथे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसवलाय. त्यामुळे तळगाव तवसाळच्या आधी येतं. बाराखडीच्या तक्त्यात ळ हच्या पुढे शिकलेल्यांनी तळगाव खाली शोधत बसू नये.

तारखेवर मात्र डोळे मिटून विसंबू नका. मे 2021 च्या तौक्ते वादळानंतर लोक पडझडीचे फोटो पेनड्राइव्हवर घेऊन यायचे. लिनक्सवर सीपीने साधी नक्कल केली की नकलेवर नक्कल केल्याची वेळ पडते. डॅश पी दिलं तरच जुनी टिकते. पंचनाम्याला जोडायच्या फोटोंवर भलतीच तारीख काय कामाची? म्हणून मी तारीख फायलीच्या नावातच घालतो, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, एक आकडी असेल तर डावीकडे शून्य. नावाप्रमाणे लावलं तरी काळाप्रमाणेच लागतं. दिवस आधी लिहिलात तर 1 जून आणि 1 जुलै शेजारी बसतील.

लग्नाचे फोटो निवडायचे असले की मीही माउसच धरतो. नवरीचे डोळे मिटलेत का, हे कुठलीच आज्ञा मला सांगत नाही.